वर्षाचे ‘आवडते अल्बम’ : आवड कोणाची, यादी कोणाची?

डिसेंबर उजाडला की याद्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षातले सर्वोत्तम दहा अल्बम, वर्षातले पन्नास अल्बम, माझे या वर्षीचे आवडते पाच अल्बम. इंग्रजी वृत्तपत्रांच्या पुरवण्या, संगीताची मासिके, मोबाइलवरची गाण्यांची अ‍ॅप आणि त्यांच्या पाठोपाठ आपली शिकलेली मुले-मुली, सगळेच वर्षभराच्या ऐकण्याचा हिशेब मांडतात. ‘स्पॉटिफाय रॅप्ड’ची रंगीत पाने व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर झळकतात. आणि याच सुमारास, ६ डिसेंबरला, दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक बाबासाहेबांना अभिवादन करायला येतात. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी गाण्यांचेही स्टॉल असतात. एके काळी तिथे कॅसेट विकल्या जात, नंतर सीडी आल्या, त्यानंतर मेमरी कार्ड. घरी परतणारा माणूस एका पिशवीत ग्रंथ आणि दुसऱ्या पिशवीत गाणी घेऊन जातो.

एकाच महिन्यात, एकाच शहरात संगीताचे हे दोन व्यवहार चालतात. एकाची यादी होते, दुसऱ्याची होत नाही. ज्याची यादी होते त्याला ‘संगीत’ म्हणतात. ज्याची होत नाही त्याला ‘जयंतीची गाणी’ म्हणतात. हा फरक कोणी केला, कशाच्या आधारावर केला आणि तो आपण किती दिवस चालू देणार, एवढेच विचारायचे आहे.

कोणी म्हणेल, साध्या आवडीनिवडीच्या गोष्टीतही तुम्ही जात शोधता. लोकांनी आपले आवडते अल्बम सांगितले तर बिघडले काय? काहीही बिघडले नाही. आवड सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. प्रश्न ‘आवडते’ हा शब्द हळूच ‘सर्वोत्तम’ होतो तेव्हा निर्माण होतो. पाचपन्नास लोकांची आवड एकत्र केली, तिला क्रमांक दिले आणि ती छापली की ती इतिहास बनते. वीस वर्षांनी कोणी त्या काळाच्या संगीतावर प्रबंध लिहायला बसला की तो त्याच याद्या उघडतो. यादीत जे नाही ते घडलेच नाही, असे मानले जाते. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नसावी.

यादी किती ‘निखळ गुणवत्तेवर’ ठरते याचा एक उघडा पुरावा अमेरिकेत आहे. ‘रोलिंग स्टोन’ हे तिथले संगीताचे सर्वांत वजनदार मासिक. त्यांनी २००३ साली आजवरच्या सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली आणि २०१२ साली ती सुधारली. दोन्ही वेळा पहिला क्रमांक बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ला मिळाला. लॉरिन हिल या कृष्णवर्णीय गायिकेचा १९९८ चा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा अल्बम २००३ च्या यादीत ३१२ व्या जागी होता आणि २०१२ मध्ये ३१४ व्या. मग २०२० साली मासिकाने नव्याने मतदान घेतले आणि या वेळी मतदारांमध्ये नव्या पिढीचे, वेगवेगळ्या समाजांतले कलावंत व समीक्षक मोठ्या संख्येने घेतले. काय झाले? पहिल्या क्रमांकावर मार्विन गे या कृष्णवर्णीय गायकाचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला आणि लॉरिन हिल ३१४ वरून थेट दहाव्या जागी आली.

आता सांगा, २०१२ ते २०२० या आठ वर्षांत त्या अल्बममध्ये काय बदलले? एक सूरही बदलला नव्हता, एक शब्दही नाही. बदलले ते मतदार. ज्या गुणवत्तेला तोवर ३०० च्या खाली ठेवले होते ती गुणवत्ता मोजणारे हात बदलताच पहिल्या दहात दिसू लागली. ‘मेरिट’ या शब्दाची महती आपल्याला रात्रंदिवस ऐकवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

याच मासिकाच्या संस्थापकाची, जॅन वेनर यांची, गोष्टही बोलकी आहे. २०२३ साली त्यांनी थोर संगीतकारांच्या मुलाखतींचे पुस्तक काढले. त्यात सगळे गोरे पुरुष. असे का, असे विचारल्यावर कृष्णवर्णीय आणि स्त्री कलावंत त्या बौद्धिक पातळीवर बोलू शकत नव्हते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्यावर इतका गदारोळ झाला की ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या संचालक मंडळातून त्यांना काढून टाकण्यात आले. पन्नास वर्षे संगीताची पत ठरवणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय होते, ते त्या एका उत्तरात बाहेर पडले. तिथे निदान प्रश्न विचारला गेला आणि उत्तराची किंमत मोजावी लागली. आपल्याकडे प्रश्नच विचारला जात नाही.

कारण आपल्याकडे एक पालुपद तयार आहे : संगीताला जात नसते. हे वाक्य उच्चारणाऱ्याचा चेहरा मोठा उदात्त होतो. पण जरा तपासून पाहू. कर्नाटक संगीतातले गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. मृदंगाला जनावराचे कातडे लागते, ते कमावणारे हात प्रामुख्याने दलित ख्रिस्ती कारागिरांचे आहेत आणि ते वाजवणारे हात मात्र बहुतांश ब्राह्मणांचे, हे त्यांनी मांडले. २०२० च्या सुरुवातीला या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने सभागृह दिले होते. पुस्तकातला मजकूर वर्तमानपत्रात येताच परवानगी काढून घेतली. संगीताला जात नसेल तर एका पुस्तकाची इतकी भीती का वाटली?

दुसरे उदाहरण अगदी याद्यांच्या आणि मुखपृष्ठांच्या जगातलेच. २०२१ साली ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणे देशभर गाजले. त्याचे शब्द अरिवू या आंबेडकरवादी रॅपरचे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीच्या पिढीची, भूमिहीनांची वेदना त्याने त्यात घातली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या भारतीय आवृत्तीने त्या यशाचा गौरव करणारे मुखपृष्ठ काढले. त्यावर गाण्यातली सहगायिका होती, दुसरा एक रॅपर होता. ज्याने गाणे लिहिले आणि गायले तो अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे जाब विचारला, लोकांनी टीका केली, तेव्हा कुठे अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ आले. गाणे चालते, नाचायला चालते, लग्नात वाजवायला चालते. गाण्याचा धनी मात्र फोटोत नको. याला विसरभोळेपणा म्हणायचे असेल तर हा विसर नेहमी आपल्याच माणसांच्या बाबतीत का पडतो?

आणि तमिळनाडूपर्यंत जायचे तरी कशाला? महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत त्या आवाजाशिवाय मंडप उघडत नाही. आषाढीला त्या आवाजाशिवाय वारीचा रस्ता सुना वाटतो. ज्या घरांच्या उंबऱ्याच्या आत त्यांच्या पूर्वजांना येऊ दिले नसते, त्या घरांतला देव आज त्यांच्या आवाजाने जागा होतो. तोच आवाज, तोच गळा, तीच फेक. पण तो भीमगीत गाऊ लागला की तो एका समाजाचा होतो, वस्तीपुरता होतो, ‘त्यांची गाणी’ होतो. आवाज सगळ्यांचा आणि आशय मात्र आमचा एकट्याचा! मराठी संगीताच्या थोरांची नावे घेताना भावगीत येते, नाट्यगीत येते, लावणीही कौतुकाने येते. भीमगीत हा स्वतंत्र प्रकार म्हणून किती ठिकाणी येते? शोधून पाहा.

आता ‘अल्बम’ या मोजपट्टीकडे येऊ. अल्बम ही काही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्यांत बांधून विकत, त्यावरून हे नाव पडले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँगप्ले तबकडी आणली आणि चाळीसेक मिनिटांचे संगीत एका वस्तूत मावू लागले. ज्याच्या घरात ग्रामोफोन आहे, निवांत बसून ऐकायला खोली आहे आणि तबकड्या ठेवायला कपाट आहे, त्याच्यासाठी ही वस्तू घडली. आपल्या देशात तर अल्बम म्हणजे मुख्यतः सिनेमाची गाणी. सिनेमा नसेल तर कंपनी नाही, कंपनी नसेल तर जाहिरात नाही आणि जाहिरात नसेल तर समीक्षकाच्या टेबलावर काही पोहोचत नाही.

आंबेडकरी संगीत या वाटेने वाढलेच नाही. ते सत्यशोधकी जलशाच्या वारशातून आले, भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांतून वाढले, मुंबईच्या चाळींतल्या गायन पार्ट्यांत आणि रात्ररात्र चाललेल्या सामन्यांत घासूनपुसून तयार झाले. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले, जिथे गेले तिथे लिहिले, जिथे लिहिले तिथेच गायले. ही गाणी ऐकणाऱ्याकडे कपाट नव्हते, त्याची स्मरणशक्ती हेच कपाट होते. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली, मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि आपले गाणे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विकत मिळू लागले. जयंतीसाठी कॅसेट, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी कॅसेट, रमाईवर कॅसेट. या सगळ्या कॅसेट अल्बमच होत्या. एक विषय, आठ-दहा गाणी, एक गायक, एक मुखपृष्ठ. अल्बमची जी व्याख्या कराल तीत त्या बसतात. तरीही त्यांचे परीक्षण कोणत्या वृत्तपत्राने छापले? त्यांची वर्षअखेरची यादी कोणी केली?

आणि जे अल्बममध्ये मावतच नाही त्याचे काय? जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत भीमरायाच्या आणि रमाईच्या ओव्या आहेत. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी बाबासाहेबांचे चरित्र दळणाच्या लयीत बांधून ठेवले. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात. त्यांना घराघरांत पोहोचवले ते कोणत्या रेकॉर्ड कंपनीने? लोकांनी आपल्या मोबाइलवर त्यांचे गाणे टिपले आणि एकमेकांना पाठवले. लोकांनी निवडलेले, लोकांनी पसरवलेले संगीत याहून वेगळे काय असते? पण ते ‘अल्बम’ नाही, म्हणून वर्षाच्या हिशेबात नाही. मोजपट्टीच अशी घ्यायची की समोरच्याची उंची शून्य भरावी, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. दोन्हींना उत्तर देऊ.

पहिला आक्षेप : भीमगीते प्रचारकी असतात, कला आणि प्रचार यांत फरक असतो. बरे. १९८८ साली अमेरिकेतल्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने देशभरच्या समीक्षकांचे वार्षिक मतदान घेतले. पहिला आलेला अल्बम होता पब्लिक एनिमी या रॅप गटाचा. त्यांचे शब्द म्हणजे उघड राजकीय भाषण आहे. आणि २०१८ मध्ये केंड्रिक लामारच्या ‘डॅम’ या अल्बमला पुलित्झर पारितोषिक मिळाले. शास्त्रीय आणि जॅझ यांच्या बाहेरच्या कृतीला संगीताचे पुलित्झर मिळण्याची ती पहिलीच वेळ. हे अल्बम आपले मराठी रसिक मोठ्या प्रेमाने ऐकतात, त्यातल्या बंडखोरीवर इंग्रजीत लिहितात. अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा राग कला आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादांचा राग प्रचार, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? दूरच्या अन्यायावर हळहळणे सोपे असते. त्यात आपण आरोपीच्या पिंजऱ्यात नसतो.

दुसरा आक्षेप : भीमगीतांच्या चाली सिनेमाच्या गाण्यांवरून उचललेल्या असतात. पुष्कळ गाण्यांच्या बाबतीत हे खरे आहे. लपवायचे कारण नाही. ज्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, वादकवृंद नव्हता, संगीत दिग्दर्शकाला द्यायला पैसे नव्हते, त्यांनी लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल घेतली आणि तिच्यात नवा विचार भरला. ऐकणाऱ्याला चाल शिकावी लागत नसे, त्याचे सगळे लक्ष शब्दांवर जाई. ही चळवळीची अक्कल होती. आणि उचललेल्या चालींचाच हिशेब करायचा तर सगळ्यांचा करू. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ नाटकात भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या पुष्कळ चाली पारंपरिक बंदिशींवर बेतलेल्या आहेत. तिथे आपण म्हणतो, केवढे हे परंपरेचे भान! पब्लिक एनिमीचा तो पहिला आलेला अल्बम जुन्या गाण्यांचे तुकडे कापून-जोडून उभा केला आहे. तिथे आपण म्हणतो, केवढे हे तंत्र! नाट्यगीताने घेतले तर परंपरा, रॅपने घेतले तर तंत्र, भीमगीताने घेतले तर चोरी. न्याय एकच ठेवा, मग बोला.

आता पैशाकडे वळू, कारण याद्यांचा शेवट पैशातच होतो. यादीत नाव आले की गाणे ऐकले जाते, ऐकले गेले की मोबदला मिळतो. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदला मिळणार नाही. त्या गाण्यांचा वाटा उरलेल्या गाण्यांकडे जातो. म्हणजे ज्याला आधीच हजारो कान मिळाले आहेत त्याच्या ताटात आणखी एक घास आणि ज्याची दहा-वीस गाणी प्रत्येकी पाच-सहाशे वेळा ऐकली गेली त्याच्या ताटात शून्य. गावातला शाहीर, तालुक्यातला गायक, वस्तीतला रॅप करणारा पोरगा नेमका याच रेषेखाली असतो. जातिव्यवस्थेची चढती श्रेणी आणि बाजाराची उतरती वाटणी एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, ते असे.

यावर ‘बाजार आहे, काय करणार’ म्हणून गप्प बसायचे कारण नाही. कायदा काही अंशी आपल्या बाजूने आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा जो हक्क मिळाला तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. कंपनीने करारात ‘सर्व हक्क आमचे’ असे छापून घेतले तरी हा हक्क संपत नाही. पण हक्क मागायला आधी गाण्यावर नाव लागते. आणि इथे दोष बाहेरच्यांवर ढकलून भागणार नाही. आपल्याच चॅनेलवर भीमगीत चढवताना गायकाचा फोटो मोठा असतो, डीजेचे नाव त्याहून मोठे असते, फलक लावणाऱ्या नेत्याचे नाव सर्वांत मोठे असते. गीतकाराचे नाव नसते. ढोलकी कोणी वाजवली, कोरसला कोणत्या बहिणी होत्या, गाणे कोणत्या साली आले, काहीही नसते. वामनदादांची गाणी ‘पारंपरिक भीमगीत’ म्हणून चढवलेली दिसतात. ज्या कवीने उभे आयुष्य बाबासाहेबांच्या विचाराला दिले, जो २००४ सालापर्यंत आपल्यात होता, तो इतक्यात ‘पारंपरिक’ कसा झाला? शत्रूने नाव पुसले तर त्याला आपण मनुवाद म्हणतो. आपणच पुसले तर त्याला काय म्हणायचे?

आपल्या शिकलेल्या तरुणांनाही एक प्रश्न आहे. डिसेंबरमध्ये तुम्ही तुमच्या आवडत्या अल्बमची यादी टाकता. ती जरूर टाका. जगभरचे संगीत ऐका, बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकत होते. पण त्या यादीत वर्षभरात आलेले एकही आंबेडकरी गाणे नसेल, तर ते तुम्ही ऐकले नाही म्हणून नाही, की ऐकले पण ऑफिसातल्या मित्रांना दाखवायला संकोच वाटला म्हणून नाही? १४ एप्रिलला ज्या गाण्यावर रात्रभर नाचलात ते गाणे डिसेंबरच्या यादीत कुठे जाते? आडनाव लपवण्याची जी सवय या समाजव्यवस्थेने आपल्याला लावली, तीच सवय आता आवडीपर्यंत येऊन पोहोचली आहे. याद्या आपल्याला बाहेर ठेवतात, हे अर्धे सत्य झाले. उरलेले अर्धे असे की आपणही स्वतःला बाहेर ठेवायला शिकलो आहोत.

मग करायचे काय? त्यांच्या यादीत जागा मागायची का? एखादे नाव घातले जाईलही. दरवर्षी एक दलित नाव, एक आदिवासी नाव, तोंडी लावायला. एवढ्याने समाधान मानणाऱ्यांनी खुशाल मानावे. बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. बाबासाहेब जाहिरातीसाठी ताटकळत बसले नाहीत. त्यांनी आपले पत्र चालवले.

रॅपचा इतिहासही हेच सांगतो. १९८९ साली ग्रॅमीने रॅपसाठी पहिल्यांदा पारितोषिक ठेवले, पण ते देण्याचा भाग टीव्हीवर दाखवायला नकार दिला. अनेक रॅपरांनी त्या सोहळ्यावर बहिष्कार टाकला. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, ‘द सोर्स’ हे हिप-हॉपचे नियतकालिक सुरू झाले होते. ते सुरू करणारे हार्वर्डचे विद्यार्थी गोरे होते, हेही इथे सांगितले पाहिजे. पण त्यांनी मोजपट्टी रॅपच्या आतून घेतली. अल्बमला माइक देण्याची त्यांची पद्धत होती. पाच माइक म्हणजे सर्वश्रेष्ठ. १९९४ मध्ये नास या तरुण रॅपरच्या पहिल्याच अल्बमला पाच माइक मिळाले. तो अल्बम आज अभिजात मानला जातो. जगाने नंतर जे मान्य केले ते रॅपच्या लोकांनी आधी आपल्या मापाने मोजून ठेवले होते. १९७२ साली आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव आणि आग घेतली आणि दलित पँथर उभी केली. आपल्या संगीताची नोंद आपणच ठेवायची, हा धडा मात्र घ्यायचा राहिला. तो आता घ्यावा.

म्हणून प्रस्ताव मांडतो. आपली वार्षिक यादी आपण करू. जिल्ह्याजिल्ह्यातल्या वाचनालयांनी, विद्यार्थी संघटनांनी, महिला मंडळांनी, जयंती उत्सव समित्यांनी करावी. वर्ष ३१ डिसेंबरपर्यंत मोजावे आणि यादी ३१ जानेवारीला, मूकनायक दिनी, जाहीर करावी, म्हणजे ६ डिसेंबरला आलेली गाणीही सुटणार नाहीत. त्यासाठी काही नियम हवेत.

एक, गीतकाराचे नाव नसलेले गाणे यादीत घेऊ नये. नाव शोधावे, मिळाले की घ्यावे. गायक, वादक, कोरस आणि साल यांचीही नोंद करावी.

दोन, अल्बम हीच एकमेव वस्तू मानू नये. जलशाचा एखादा प्रयोग, मोबाइलवर टिपलेले एकतारीवरचे गाणे, वस्तीतल्या मुलांचे रॅप, एखाद्या आजीची ओवी, सगळे मोजावे.

तीन, यादी करणाऱ्यांमध्ये निम्म्या स्त्रिया असाव्यात. मतदार बदलले की यादी बदलते, हे वर पाहिलेच आहे. ते आपल्यालाही लागू आहे.

चार, कंपनीचा, पक्षाचा किंवा नेत्याचा पैसा घेऊ नये.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. यादी म्हणजे आरती नव्हे. बाबासाहेबांचे नाव असले म्हणून प्रत्येक गाणे चांगले होत नाही. ज्या गाण्यात बाबासाहेबांचा विचार नाही, फक्त त्यांच्या सुटाबुटाचे वर्णन आहे, ज्यात आपल्याच दुसऱ्या पोटजातीला टोमणा आहे, ज्यात बाईला हिणवले आहे, ते गाणे डीजेवर कितीही दणकत असो, त्याला नाकारण्याची हिंमत यादीत असली पाहिजे. बाहेरच्यांनी आपली समीक्षा केली नाही, याचे एक नुकसान असेही झाले की आपल्यातले चांगले आणि सुमार यांत फरक करायची सवयच राहिली नाही. चिकित्सा हा बुद्धाचा मार्ग आहे. तो गाण्याला लागू होत नाही, असे कोणी सांगितले?

हे काम खर्चाचे नाही. एक वही, चार कान आणि नाव विचारण्याची चिकाटी लागते. जुने शाहीर एकेक करून जात आहेत. कॅसेटच्या फिती घराघरांच्या माळ्यांवर बुरशी धरून पडल्या आहेत. प्रतापसिंग बोदडे यांच्यासारख्या कवींनी वामनदादांची वाट पुढे चालवली, त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या गाण्यांची वर्षवार नोंद आज तुमच्या तालुक्यातल्या कोणत्या वाचनालयात आहे? नसेल तर पुढच्या पिढीतला एखादा समीक्षक शांतपणे लिहील की या काळात आंबेडकरी समाजात उल्लेखनीय संगीत निर्माण झाले नाही. त्या वेळी त्याला खोडून काढायला आपल्याकडे संताप असेल, पण पुरावा नसेल.

तेव्हा या डिसेंबरात कोणी तुम्हाला विचारले, तुझा या वर्षीचा आवडता अल्बम कोणता, तर उत्तर द्या. केंड्रिकचे नाव घ्यायचे तर घ्या, अरिवूचे घ्या, आणि त्याच दमात आपल्या तालुक्यातल्या एका शाहिराचे, एका कवीचे, एका गायिकेचे पूर्ण नाव घ्या. समोरचा म्हणेल, हे नाव ऐकले नाही कधी. त्याला सांगा, यादी ३१ जानेवारीला येते आहे.

जय भीम!